जिल्ह्याने पाठवलेली माणसे

उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने, मजुराने, त्याच्या घरातल्या बाईने आपले सरकार निवडण्यासाठी प्रौढ मतदानाचा हक्क पहिल्यांदा बजावला तो १९५२ च्या निवडणुकीत. त्याआधी इथे निजामाची सत्ता होती. अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्हाधिकारी, वरून नेमला जाई, तहसीलदार वरून येई, आणि रयतेला विचारायचे असते ही कल्पनाच कारभारात नव्हती. तरीही १९५२ च्या कितीतरी आधी या जिल्ह्यातली माणसे आपल्यातला एखादा निवडून त्याच्याकडे आपले म्हणणे सोपवत होती, त्याला गाडीभाड्याचे पैसे देत होती आणि परत आल्यावर ‘काय ठरले ते सांगा’ म्हणून त्याच्याभोवती जमत होती. तो आमदार नव्हता, खासदारही नव्हता. तो परिषदेचा, अधिवेशनाचा प्रतिनिधी होता.

राजकीय पक्षांच्या आणि चळवळींच्या अधिवेशनांना जिल्ह्याने धाडलेल्या या माणसांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा असे मी मानतो. आपल्याकडे जिल्ह्याचा राजकीय इतिहास लिहायचा म्हटले की आमदार-खासदारांच्या याद्या, मताधिक्ये आणि मंत्रिपदे एवढ्यावर काम भागते. प्रतिनिधी त्या यादीत बसत नाही, कारण त्याचे पद दोन-तीन दिवसांचे. अधिवेशनाचा मंडप उतरला की ते संपते. पण धाराशिवसारख्या जिल्ह्यात लोकशाहीचे पहिले धडे याच दोन-तीन दिवसांच्या पदाने दिले, आणि विधानसभेची पायरी लोकांनी त्यानंतर चढली. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हाच आहे.

तुलनेसाठी पाहा: अमेरिकेत काउंटीतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातून, पक्षाच्या अधिवेशनाला जाणारा प्रतिनिधी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यात भाग घेतो. तिथे १८३१ मध्ये बाल्टिमोरला अँटी-मेसॉनिक पक्षाने पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरवले, आणि तेव्हापासून कोणत्या काउंटीतून कोण गेले याच्या नोंदी स्थानिक इतिहासकार आवडीने जपत आले आहेत. आपल्याकडच्या प्रतिनिधीने पंतप्रधानपदाचा उमेदवार कधी ठरवला नाही. त्याचे काम वेगळे होते. ठराव मांडायचा, ठरावावर हात वर करायचा, संघटनेचा अध्यक्ष निवडायचा, आणि मुख्य म्हणजे तिथे ऐकलेले गावात आणून पोचवायचे.

हा प्रतिनिधी नेमका कसा ठरत असे, हे आधी पाहू. १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा ७२ प्रतिनिधी होते आणि त्यांना रीतसर निवडून कोणी पाठवलेले नव्हते. पुढे सार्वजनिक सभांनी, संस्थांनी, गावातल्या जाहीर बैठकांनी प्रतिनिधी निवडायची प्रथा पडली. संख्या भराभर वाढली. १८८८ ला अलाहाबादेत १,२४८, आणि १८८९ च्या मुंबई अधिवेशनात साल आणि प्रतिनिधींची संख्या एकच झाली, १,८८९. सुरतेच्या फुटीनंतर १९०८ साली घटना आली आणि प्रतिनिधी कोणी निवडायचे यावर बंधने आली. टिळकांच्या माणसांना मंडपात शिरू द्यायचे की नाही, हा वाद त्या बंधनांच्या मुळाशी होता. म्हणजे प्रतिनिधी कसा ठरतो हा कारकुनी प्रश्न कधीच नव्हता. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, याचा तो प्रश्न होता.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला १४,५८२ प्रतिनिधी जमले. त्याच अधिवेशनाने चार आण्यांचे सभासदत्व, भाषेनुसार प्रांत आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी ही नवी घटना स्वीकारली. पुढे १९३४ च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधींची कमाल संख्या दोन हजारांवर आणली गेली आणि त्यातले १,४८९ ग्रामीण भागाचे व ५११ शहरी भागाचे असावेत असे ठरले. खेड्याला एवढी जागा राखून ठेवणारा हा नियम माझ्या मते काँग्रेसच्या साऱ्या घटनांमधला सर्वांत दूरदृष्टीचा. त्यानंतर अध्यक्षही प्रतिनिधींच्याच मतांनी निवडला जाऊ लागला. १९३९ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पट्टाभि सीतारामय्यांच्या पुढे गेले, ती मते अशाच जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रतिनिधींची होती.

या साऱ्या नियमांच्या राज्यात आपला जिल्हा मात्र उंबरठ्यावर उभा होता. नागपूरने संस्थानी प्रजेला काँग्रेसचे सभासद व्हायला मुभा दिली, पण काँग्रेसच्या नावाने संस्थानाच्या कारभारात हात घालायला मनाई केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाने तेच पुन्हा सांगितले: संस्थानातला लढा तिथल्या लोकांनी आपल्या स्वतंत्र संघटनेतून लढावा. बार्शीतल्या कार्यकर्त्याला काँग्रेसच्या नावाने सभा घेता येई, लढा पुकारता येई. तिथून काही कोसांवरच्या परंड्याच्या किंवा येडशीच्या कार्यकर्त्याला ते करता येत नसे. शिवार एक, बाजार एक, सोयरिकी एकमेकांत, आणि राजकीय हक्क मात्र हद्दीच्या दगडापाशी संपलेला.

ही हद्दही काही सनातन नव्हती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता आणि मेडोज टेलर इथला कारभार पाहत होता. १८६० मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला. एका सहीने जिल्हा अलीकडे-पलीकडे झाला. ती दुसरी सही झाली नसती तर धाराशिवची माणसेही पुण्या-सोलापूरच्या माणसांसारखी सुरुवातीपासून काँग्रेसच्या मंडपात रीतसर बसली असती. आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. पुढे या जिल्ह्यात असलेल्या लातूरला टिळकांचा सरकी काढण्याचा कारखाना होता. देशाच्या राजकारणात सर्वांत मोठा आवाज असलेल्या माणसाचा व्यवहार या भागात होता, इथला कापूस त्यांच्या कारखान्यात येत होता, पण त्या कापूस उत्पादकाला टिळकांच्या सभेसारखी सभा आपल्या गावात भरवता येत नव्हती. निजामी हद्दीत सभेला परवानगी लागे. सभाबंदीच्या ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाचे नाव मराठवाड्यातली जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत.

सभा आत भरवता येत नाही तर बाहेर भरवू, असा मार्ग मग निघाला. हैदराबाद संस्थानातल्या लोकांची राजकीय परिषद १९२३ ला काकीनाड्यात, १९२६ ला मुंबईत, १९२८ ला पुण्यात आणि १९३१ ला अकोल्यात भरली. चारही ठिकाणे संस्थानाच्या बाहेरची. स्वतःच्या राज्याविषयी बोलायला लोकांना राज्य ओलांडून जावे लागत होते.

धाराशिवहून असे बाहेर पडणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शहराला रेल्वे नव्हती. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ ला लातूरला पोचली. पण ती धाराशिवला बगल देऊन गेली. जवळचे स्टेशन येडशी. तिथवर बैलगाडीने किंवा टांग्याने जायचे, मग छोट्या गाडीने बार्शी, बार्शीहून कुर्डुवाडी, आणि तिथे मोठ्या लाइनची गाडी पकडायची. मध्ये हद्द लागे. हद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाची जकात. सामान उघडून दाखवायचे. खिशातला निजामाचा हाली रुपया पलीकडे चालत नसे. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा भाव धरून पैसे बदलून घ्यावे लागत. परतताना पुन्हा तोच नाका. जाताना गाठोड्यात धोतर-सदरा आणि भाकरी, येताना त्यात ठरावांचे कागद, एखादे वर्तमानपत्र, एखादी पुस्तिका. जाणाऱ्यापेक्षा येणाऱ्याचे गाठोडे अधिक धोक्याचे होते. ज्या जिल्ह्याच्या कचेरीची भाषा उर्दू, जिथल्या कागदावर फसली साल, तिथे हा मराठीतला ठरावाचा कागद कोणाच्या तरी वाड्यात चार माणसांत वाचला जाई. मी प्रतिनिधीच्या परतीला एवढे महत्त्व देतो ते यासाठी. जायला पैसे लागत, परत यायला धैर्य लागे.

या काळातल्या जिल्ह्याच्या राजकीय जीवनाचे केंद्र शोधायचे तर जिल्ह्याचे ठिकाण सोडून हिप्परग्याला जावे लागते. आज लोहारा तालुक्यात असलेल्या या गावात १९२१ मध्ये, असहकाराच्या लाटेत, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. निजामाच्या मुलखात राष्ट्रीय शाळा, तीही एका आडगावात! १९२९ मध्ये तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. त्याआधी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते. अधिवेशने कशी भरतात, ठराव कसे लिहितात, मतभेद असूनही संघटना कशी एकत्र ठेवायची, हे त्यांनी कामगार चळवळीत पाहिलेले होते. १४ जानेवारी १९३२ रोजी हिप्परग्यातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्याभोवती जमले. १९३५ च्या सुमाराला ही मंडळी अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत गेली, तरी हिप्परग्याने घडवलेली मुले जिल्हाभर पसरलेली होती. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यात शाळामास्तर आणि त्यांचे विद्यार्थी एवढ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तर या शाळेपासून सुरू होते. प्रतिनिधी व्हायला चार गोष्टी यायला लागतात: वाचणे, लिहिणे, उभे राहून बोलणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे. त्या शिकवणारी जागा जिल्ह्यात होती.

१९३७ च्या जूनमध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष गोविंदराव नानल. तेलंगणात आंध्र महासभा १९३० पासूनच अधिवेशने भरवत होती, कन्नड भागात कर्नाटक परिषद उभी राहत होती. मराठी भागाचे व्यासपीठ आता तयार झाले. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला झाले, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ज्या जिल्ह्याला आजवर प्रतिनिधी बाहेर पाठवावे लागत, त्याच्या अंगणात पाच जिल्ह्यांचे प्रतिनिधी उतरले. यजमानपण ही राजकारणातली मोठी शाळा असते. मंडप, पाणी, उतरायच्या जागा, स्वयंसेवक, वर्गणी हे सारे गावकऱ्यांनी उभे करायचे असते, आणि ते करताना परिषद गावाची होते. याच वर्षी स्वामीजींनी शाळा सोडली आणि परिषदेचे पूर्णवेळ सरचिटणीस म्हणून ते बाहेर पडले.

तीन भाषांच्या तीन परिषदा वेगवेगळ्या चालून भागणार नाही हे उघड होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची तयारी झाली आणि संस्था रीतसर स्थापन होण्याआधीच सप्टेंबरात सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी गोविंदराव नानलांची, मागोमाग स्वामीजी. त्याच सुमाराला आर्य समाजाचाही सत्याग्रह चालू होता आणि त्याची मुळे उमरगा भागात खोल होती. गुंजोटीच्या वेदप्रकाशांचे बलिदान त्या आधीचे. १९३८ च्या डिसेंबरात सोलापूरला बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली, तीही हद्दीच्या पलीकडे. पुन्हा तेच: जिल्हा आत, मंडप बाहेर.

स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती १९४६ मध्ये. मधल्या आठ वर्षांत महाराष्ट्र परिषदेच्या अधिवेशनांनी कार्यकर्त्यांना एकत्र ठेवले. बंदी उठल्यावर अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला स्वामी रामानंद तीर्थ, दुसऱ्या बाजूला बुर्गुल रामकृष्णराव. स्वामीजी निसटत्या मताधिक्याने निवडून आले. मराठवाड्याच्या प्रतिनिधींचे बळ त्यांच्या पाठीशी होते. या निवडणुकीचे महत्त्व सांगताना माझा आवाज चढतो, आणि त्याला कारण आहे. बुर्गुलांचा, वाटाघाटींकडे कल असलेला गट जिंकला असता तर १९४७ मध्ये स्टेट काँग्रेसने घेतलेली ताठ भूमिका कितपत ताठ राहिली असती? जून १९४७ मध्ये मुशीराबादला स्टेट काँग्रेसचे पहिले खुले अधिवेशन भरले, भारतीय संघराज्यात सामील होण्याची मागणी झाली, ७ ऑगस्टला सामीलीकरण दिन पाळला गेला आणि १५ ऑगस्टला स्वामीजी तुरुंगात होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत जिल्ह्याने जे सोसले, सोलापूर-बार्शीच्या आधाराने सरहद्दीवर जी झुंज चालली, तिच्यामागे मंडपात मोजलेली ती थोडीशी मते होती. आणि ती मते दिली होती तालुक्यांनी पाठवलेल्या माणसांनी.

काँग्रेसच्या प्रवाहाबाहेरची एक परिषद या विषयात अग्रभागी ठेवावी लागते. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. तडवळे छोट्या रेल्वेवरचे गाव. बाबासाहेबांची बैलगाड्यांतून निघालेली मिरवणूक अजून आठवणींत सांगितली जाते, आणि ते जिथे राहिले ती शाळा लोकांनी आदराने जपली आहे. विषय वतनाचा होता. गावकामगार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसांनी वतनाच्या जोखडाविषयी स्वतः बोलायचे होते. इतर अधिवेशनांच्या यादीत वकील, शिक्षक, व्यापारी, देशमुख-पाटील भेटतात. तडवळ्याला जे आले त्यांच्याकडे ना वकिली होती ना वाडा. गावाच्या बैठकीत ज्यांना बसायला जागा नव्हती ते गावोगावहून इथे आले आणि बसले. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि १९५७ मध्ये तिथेच रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, त्या वाटेवर या जिल्ह्याचा मुक्काम तडवळे आहे. अधिवेशनांचा इतिहास लिहिताना हा मुक्काम वगळला तर तो अर्ध्या जिल्ह्याचा इतिहास होईल.

१९४८ नंतर चित्र पालटले. आता पक्ष अनेक, मंडप अनेक. धाराशिवचे फुलचंद गांधी हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. जानेवारी १९५३ मध्ये अखिल भारतीय काँग्रेसचे अधिवेशन हैदराबादेत नानलनगरात भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पंधरा वर्षांपूर्वी ज्या शहरात ‘काँग्रेस’ हे नाव घेतले म्हणून तुकड्या पकडल्या जात होत्या, तिथेच देशभरचे प्रतिनिधी उतरले होते. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना तो मंडप काय वाटला असेल हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

दुसऱ्या बाजूला शेतकरी कामगार पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी उभारलेल्या या पक्षाने १९५० मध्ये दाभाडीला आपला वैचारिक प्रबंध मान्य केला आणि मार्क्सवादाची दिशा धरली. या पक्षाला धाराशिवने दिलेला माणूस म्हणजे भाई उद्धवराव पाटील. इर्ल्याचे. १९५२ मध्ये ते हैदराबाद विधानसभेत गेले, पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात विरोधी पक्षनेते झाले. उद्धवरावांकडे पाहिले की प्रतिनिधी आणि पुढारी यांतला फरक मिटल्यासारखा वाटतो. शेकापमध्ये कार्यकर्ता कितीही मोठा झाला तरी ‘भाई’च राहतो, आणि अधिवेशनात गावच्या कार्यकर्त्याला उभे राहून पुढाऱ्याला जाब विचारता येतो. जिल्ह्यात लाल बावट्याखाली वाढलेल्या एका पिढीने अशी सवाल-जवाबाची सवय लावून घेतली. दुष्काळ, कर्ज, ज्वारीचा भाव, कुळांचे हक्क हे प्रश्न जिल्ह्याच्या बोलीत राज्याच्या मंडपात पोचले ते या सवयीमुळे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या गाभ्यात होता.

जुन्या याद्या वाचताना एक भान ठेवावे लागते. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हा सारा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे आज ज्यांना आपण लातूरचे म्हणतो त्यांतले अनेक जण उस्मानाबादचे म्हणून घडले. विलासराव देशमुख उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य होते आणि उस्मानाबाद जिल्हा युवक काँग्रेसचे अध्यक्ष होते. शिवराज पाटील चाकूरकर, शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची सुरुवातही याच मोठ्या जिल्ह्यातली. जिल्हा विभागला गेला तशी पुढाऱ्यांची वाटणी झाली. अधिवेशनांच्या इतिहासाची वाटणी मात्र करू नये. १९३८ चे लातूर अधिवेशन दोन्ही जिल्ह्यांचे आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, म्हणून माझ्या लिहिण्यात दोन्ही नावे येतात; कागदावर जे नाव होते ते तसेच राहू द्यावे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्रतिनिधीचे काय झाले? १९६९ ला काँग्रेस फुटली, १९७८ ला पुन्हा फुटली, आणि प्रत्येक फुटीत प्रतिनिधी कोणाकडे किती हा आकडा शस्त्रासारखा वापरला गेला. त्याच काळात पक्षांतर्गत निवडणुका थांबल्या. प्रतिनिधी निवडला जाईनासा झाला, नेमला जाऊ लागला. तालुक्याने ‘आमचा माणूस’ म्हणून पाठवण्याऐवजी वरून नाव येऊ लागले. ही या विषयातली सर्वांत मोठी पडझड आहे असे मला वाटते. नेमलेला माणूस अधिवेशनाला जातो, पण परत आल्यावर तो कोणाला सांगणार? ज्याने नेमले तो तर तिथेच व्यासपीठावर होता.

या घसरणीत एक अपवाद घडवला तो स्वामी रामानंद तीर्थांच्याच शिष्याने. पी. व्ही. नरसिंह राव यांनी सुमारे वीस वर्षांच्या खंडानंतर काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुका घेतल्या आणि १९९२ च्या तिरुपती अधिवेशनात कार्यसमितीसाठी खरोखर मतदान झाले. अर्जुनसिंह आणि शरद पवार सर्वाधिक मतांनी आले. निवडून आलेल्यांत एकही स्त्री नाही, एकही दलित नाही, असे दिसल्यावर रावांनी साऱ्यांचे राजीनामे घेतले. त्या निर्णयाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येते. मला त्यातली पहिली गोष्ट मोलाची वाटते: मतपेटी ठेवली गेली. दुसरीही खरी आहे. प्रतिनिधींची निवड झाली म्हणजे प्रतिनिधित्व झाले असे नाही, हे तडवळ्याने १९४१ मध्येच सांगून ठेवले होते.

अलीकडचा काळ जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. १९९९ च्या जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि तेरच्या पद्मसिंह पाटलांबरोबर जिल्ह्यातला मोठा गट तिकडे गेला. २०१९ मध्ये त्यांचे पुत्र राणाजगजितसिंह भाजपमध्ये गेले. शिवसेनेने जिल्ह्यात आपला पाया घट्ट केला. २०२२ च्या जूनमध्ये सेना फुटली तेव्हा परंड्याचे तानाजी सावंत आणि उमरग्याचे ज्ञानराज चौगुले शिंदे गटात गेले, तर धाराशिवचे कैलास पाटील सुरतेच्या वाटेवरून माघारी फिरले. खासदार ओमराजे निंबाळकर ठाकरेंबरोबर राहिले. पुढे पक्ष कोणाचा हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला, तेव्हा ठाकरे गटाने प्रतिनिधी सभेतल्या बहुमताचा दाखला दिला. आयोगाने फेब्रुवारी २०२३ च्या निकालात पक्षाची २०१८ ची घटनाच लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी निवडले न जाता नेमले गेले, असे म्हणत तो आधार बाजूला ठेवला आणि आमदार-खासदारांची मते मोजली. पक्षाच्या आत निवडणुका नसल्या की संकटाच्या वेळी प्रतिनिधीच्या शब्दाला वजन उरत नाही, हे त्या निकालातून सगळ्या पक्षांनी वाचायला हवे होते. त्याच महिन्यात रायपूरला काँग्रेसने कार्यसमितीची निवडणूक न घेता नेमणुकीचा अधिकार अध्यक्षांकडे दिला. चारच महिने आधी, १७ ऑक्टोबर २०२२ ला, त्याच पक्षाच्या ९,३८५ प्रतिनिधींनी मतदान करून मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते दिली होती. खर्गे बिदर जिल्ह्यातल्या वरवट्टीचे, म्हणजे निजामी मुलखातलेच, आणि रझाकारांच्या काळाची झळ सोसलेल्या घरातले.

या विषयावर काम करणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे. नावांची यादी करा, पण नावापुढे तीन रकाने ठेवा. कोणी पाठवले, म्हणजे सभेने, समितीने की नेमणुकीने. तिथे तो काय बोलला किंवा कोणत्या बाजूने मत दिले. आणि परत आल्यावर कुठे, कोणापुढे सांगितले. तिसरा रकाना भरायला सर्वांत कठीण जातो आणि सर्वांत मोलाचा तोच आहे. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ पत्राचे अंक, ‘निजाम विजय’चे अंक, हैदराबादच्या दफ्तरातले गुप्त पोलिसांचे उर्दू अहवाल, अनंत भालेराव यांचे हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचे लेखन, हे सारे एकमेकांशेजारी ठेवून वाचावे. पोलिसांचा अहवाल शत्रूचा असतो, पण कोण केव्हा गावात परतला आणि कोणाच्या वाड्यात किती माणसे जमली हे तोच नेमके लिहून ठेवतो.

बायकांची नावे शोधताना अधिक नेट लावावा लागेल. अधिवेशनाच्या यादीत त्या कमी दिसतात. यजमान समितीच्या हिशेबात, स्वयंपाकघराच्या खर्चात, भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्यांच्या आठवणींत त्या जास्त दिसतात. तसेच उमरगा-आळंदच्या पट्ट्यातल्या कन्नड-मराठी द्विभाषिक कार्यकर्त्यांचे. काही जण महाराष्ट्र परिषदेच्या यादीत सापडतील, काही कर्नाटक परिषदेच्या. दोन्हीकडे पाहावे.

आणि घरोघरच्या पेट्या उघडाव्यात. तुळजापूर, कळंब, भूम, परंडा, लोहारा, वाशी, प्रत्येक तालुक्यात अशी घरे आहेत जिथे आजोबांचे बिल्ले, वर्गणीच्या पावत्या, रेल्वेची जुनी तिकिटे, अधिवेशनाच्या छापील कार्यक्रमपत्रिका कुठेतरी ठेवलेल्या असतात. पावतीवर रक्कम हालीत आहे की कलदारात एवढे पाहिले तरी ती हद्दीच्या कोणत्या बाजूला फाडली गेली हे कळते. असे कागद जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकत्र आणावेत, त्यांच्या प्रती काढून मूळ कागद घरच्यांना परत द्यावेत, आणि प्रत्येक कागदासोबत तो ज्या घरातून आला त्या घरातल्या वडीलधाऱ्याची तोंडी हकिगत टिपून घ्यावी. हे काम विद्यापीठाची वाट न पाहता तालुक्यातले दोन-तीन शिक्षक मिळून सुरू करू शकतात.

हिप्परग्यापासून सुरुवात करावी.